जावयाची रेघ

मला फक्त उंबऱ्यावर बसवायला एक दगड हवा होता. हे अगदी आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढे सरकीपेठेत जे काही झालं त्याच्या मुळाशी मी आहे असं काही लोक अजूनही चारचौघांत म्हणतात, आणि कुणी तसं म्हणालं की मला लगेच ते खरं वाटू लागतं.

गावाचं नाव सांगत नाही. त्याला आमच्यापायी आधीच बरंच सोसावं लागलं आहे. देऊळगाव राजाहून मेहकरकडे जाणारी मोटार ज्या ज्या गावांत धूळ उडवून थांबते, त्यांपैकी एक, एवढं पुरे. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. सगळीकडे काहीतरी नवीन होणार अशी हवा होती. आमच्या सरकीपेठेत मात्र पावसाळ्यात जुनंच पाणी यायचं, आणि ते माझ्या घरात यायचं.

त्याचं कारण असं. सरकीपेठ म्हणजे वरून खाली उतरत जाणारा एक अरुंद रस्ता. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या तिथून जायच्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती गाड्यांना कापूस मागून घ्यायच्या. उताराच्या शेवटी नाला. नाल्याला लागून हिंमतरावांचं घर आणि त्यांचा तो प्रसिद्ध ओटा. ओटा कसला, अर्ध्या रस्त्यावर आलेलं जहाजच. वरून येणारं पाणी त्या ओट्याला अडायचं आणि मागं वळून जे पहिलं दार उघडं दिसेल त्यात शिरायचं. ते दार माझं.

आदल्या पावसाळ्यात माझ्या कपाटातल्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजून पावासारखी फुगली. मी ती पान पान सोडवून खाटेवर वाळत घातली आणि स्वतः जमिनीवर झोपलो. आमच्या सिंधूताईनं (ही माझी पत्नी. अख्खी पेठ तिला ताई म्हणते, त्यामुळे मीही मनातल्या मनात ताईच म्हणतो) दिवाळीपर्यंत सहन केलं. मग म्हणाली, "येत्या पावसाळ्यात घरात पाणी आलं ना, तर ही सगळी पुस्तकं वाण्याला पुड्या बांधायला देईन. निदान कोरडं तरी राहील त्यांतलं काही."

ती बोलते ते करते. म्हणून मला तो दगड हवा होता.

दुसरा कुणी असता तर गुपचूप दगड बसवून मोकळा झाला असता. पण मी तहसील कचेरीत नक्कलनवीस म्हणून आयुष्य काढलं. इतरांच्या हुकमांच्या नकला केल्या, स्वतः हुकूम कधी दिला नाही. अर्ज केल्याशिवाय मला शिंकसुद्धा येत नाही. तेव्हा मी नगरपालिकेत अर्ज केला, की उंबरा एका दगडानं उंच करण्यास परवानगी मिळावी.

नगरपालिकेतल्या गुलाबराव कारकुनानं तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नाना, तुमचा उंबरा उचलला की पानी युसूफभाईच्या घरात जाईन. त्याईनं उचलला की अंबूबाईच्या. असं चढत चढत ते आमच्या हापिसात येईन. त्यापरीस रस्ताच काऊन नाई करत?"

"मी?" मी विचारलं.

"तुमी नाई हो. नगरपालिका."

आणि ठराव झाला. सरकीपेठेचा रस्ता रुंद करावा, कडेनं पक्की नाली बांधून पाणी नाल्यात सोडावं, आणि या कामी अर्जदारानं नागरिक प्रतिनिधी म्हणून सहकार्य करावं. अर्जदार म्हणजे मी. ठराव घरी वाचून दाखवला तेव्हा सिंधूताई म्हणाली, "दगडाचं काय झालं?" दगडाचा उल्लेख ठरावात कुठेच नव्हता.

पेठेतल्या लोकांची मतं घेणं हे माझं पहिलं काम. मला कुणाचं दार वाजवायचं म्हणजे घाम फुटतो, म्हणून मी दारांसमोरून नुसता हळूहळू चालत गेलो. लोकांनी आपण होऊन मतं दिली. रस्ता रुंद व्हायला सगळ्यांची आनंदानं संमती होती. फक्त तो समोरच्या बाजूनं व्हावा, असं दोन्ही बाजूंचं म्हणणं पडलं.

अंबूबाई म्हणाल्या, "नाली करा बापा, पन माह्या दारातून नको. माह्या दारात तुळस हाय."

"समोरच्यांच्याही दारात आहे," मी म्हणालो.

"तिची वाळेल हाय," अंबूबाई म्हणाल्या.

माझे वरचे शेजारी युसूफभाई पिंजारी. त्यांची कापूस पिंजायची धनुकली ओट्यावरच चालायची. ते म्हणाले, "नाना, हमारा ओटा गया तो धंदा कुठं करू? तुमच्या कपाटात?" हिंमतराव तर नगरपालिकेचे सदस्यच. त्यांनी मला ओट्यावर बसवून, पाठीवर थाप मारून सांगितलं, "रस्ता तं झालाच पाह्यजे! मी सोता ठरावाले हात वर केला. फकस्त रुंद कराचा तो वरच्या अंगानं करा. खाली काय गरज हाय? खाली तं नालाच हाय." त्यांच्या थापेनं माझा चष्मा खाली आला होता, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही. चष्मा जागेवर असता तरी सुचलं असतं असं नाही.

वैशाखात ओव्हरसियर आले. शालिग्राम त्यांचं नाव. कोवळा तरुण, डोक्यावर मोठी सोला हॅट, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे पाहण्याची सवय. मी मनुष्य पाहताक्षणीच ओळखला. माझ्याच जातकुळीचा. आम्ही दोघं पहिल्या भेटीत बराच वेळ एकमेकांच्या पायांकडे पाहत उभे होतो.

त्यांचा पट्टी धरणारा माणूस रजेवर गेला होता, म्हणून ती रंगीत मापाची पट्टी माझ्या हातात आली. नागरिक प्रतिनिधीचं सहकार्य ते हेच. पट्टी माझ्यापेक्षा उंच होती आणि माझ्यापेक्षा ताठ उभी राहत होती. मी भर उन्हात रस्त्याच्या मधोमध ती धरून उभा, आणि दूरवर तिवईवर ठेवलेल्या दुर्बिणीतून ओव्हरसियर माझ्याकडे बघतायत. येणारा जाणारा थांबून विचारायचा, "काय नाना, कोनी सजा देल्ली काय?" तहसील कचेरीत मी इतकी वर्षं काढली, पण इतक्या लोकांनी माझी चौकशी केल्याचं आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पेठेतल्या बायका बाहेर यायच्या बंद झाल्या. दारं लागली. विहिरीवर कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही. घरोघरी पाण्यावाचून पुरुष कासावीस झाले. अखेर अंबूबाईंनी दार जरासं किलकिलं करून मला जवळ बोलावलं आणि कारण सांगितलं. युसूफभाईंनी म्हणे दुर्बिणीला डोळा लावून पाहिलं होतं आणि तिच्यातून माणूस उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली.

"हो, त्या दुर्बिणीत तसं दिसतं," मी म्हणालो. "भिंगांमुळे..."

"भिंग गेलं चुलीत! मानूस उलटं होते तं लुगडं काय करते ते सांगा."

याचा मी विचार केला नव्हता. पुस्तकांतही कुठे वाचलेलं आठवेना. ओव्हरसियरांना विचारलं तर ते कानापर्यंत लाल झाले आणि दुर्बिणीवर टोपी घालून बसले. काम थांबलं. अखेर सिंधूताईच बाहेर आली. मला म्हणाली, "उभे राहा तिकडे." मग दुर्बिणीला डोळा लावला, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"माणूस उलटा दिसतो. पण धोतर जागच्या जागी राहतं."

दारं उघडली.

अंबूबाई मात्र एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या ओव्हरसियरांना चार शब्द सुनवायला तरातरा पुढे आल्या, अगदी तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि शब्द तसेच ओठांवर ठेवून टक लावून पाहू लागल्या.

"काऊन बे, तू डोनगावच्या मोतीरामचा पोरगा ना? माह्या बहिनीची मंजुळा तुलेच देल्ली ना?"

ओव्हरसियरांनी हॅट काढली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अन् सांगत काऊन नाई मग इतके दिवस?"

"तुम्ही विचारलं नाही, मावशी."

"लग्नात तुयं तोंड बाशिंगात होतं, मले काय सपन पडते?" असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला, आणि त्याच श्वासात "बे" जाऊन तिथे "जवाईबापू" आलं. "ओ माय! आपला जवाई उन्हात उभा करून राह्यलो आपन! नाना, तुमाले काई समजते का नाई?"

आता आमच्याकडची रीत अशी, की एका घरचा जावई तो अख्ख्या पेठेचा जावई. आणि दैव असं, की पुढल्याच आठवड्यात अधिक महिना लागत होता. अधिकात जावयाला जेवायला घालण्याचं पुण्य काही औरच. ज्यांचे जावई मुंबई-नागपूरला होते आणि येणार नव्हते, त्या सगळ्यांच्या पुण्याची सोय शालिग्रामरावांवर येऊन पडली. सकाळी एकाकडे अनारसे, दुपारी दुसऱ्याकडे पुरणपोळी. मोजणी सकाळच्या न्याहरीपासून दुपारच्या जेवणापर्यंत चाले, आणि तो अवधी दिवसेंदिवस आखूड होत गेला.

रस्त्याची नवी हद्द दाखवायला त्यांनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारायला घेतली होती. ती वरच्या टोकाला अगदी सरळ होती, कारण तिथे ते अजून जेवले नव्हते. अंबूबाईंच्या पुरणपोळीनंतर रेघ त्यांच्या तुळशीला सोडून सरकली. युसूफभाईंच्या घरून खुर्शीदाभाभींनी शेवयांचं ताट पाठवलं, तर त्यांच्या ओट्याशी रेघेला चांगलं पोट सुटलं. हिंमतरावांनी साग्रसंगीत जेवण दिलं, वर धोतरजोडी. त्यांच्या ओट्याशी रेघ आली, जरा घुटमळली आणि ओट्याला सबंध वळसा घालून, जवळजवळ नमस्कार करून पुढे गेली.

नकाशा वरच्या कार्यालयाकडे गेला. "रस्ता वळणदार ठेवण्याचे कारण काय?" असं विचारत परत आला. गुलाबरावांनी उत्तर लिहिलं, "स्थानिक परिस्थिती."

नागरिक प्रतिनिधी म्हणून तो नकाशा मला दाखवण्यात आला. रस्ता एक वेळ वळेल, पण नाली कशी वळणार? हिंमतरावांच्या ओट्यापुढे तिला जागाच उरली नव्हती. ती माझ्या दाराशी येऊन थांबली होती आणि तिथे एक बारीकसा बाण काढला होता. बाण माझ्या पुढच्या खोलीकडे रोखलेला होता. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आपण नकाशा उलटा धरला असेल. मी तो फिरवून पाहिला. बाण माझ्याकडेच होता.

म्हणजे आजवर पाणी चुकून येत होतं, आता ते मंजुरी घेऊन येणार होतं.

घरी येऊन सिंधूताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं एकच विचारलं, "तुम्ही त्याला जेवायला कधी बोलावलं?"

"सरकारी माणसाला जेवायला घालणं म्हणजे..."

"तो जावई आहे."

"जावई आहे, पण सरकारी आहे."

"सगळ्या पेठेला तो जावई दिसला, तुम्हालाच सरकार दिसलं," ती म्हणाली आणि उठून स्वतः आमंत्रण देऊन आली.

शालिग्रामराव आले. मुकाट्यानं दोन घास खाल्ले आणि त्यांची नजर खालच्या फळीवरच्या फुगलेल्या पुस्तकांवर गेली. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं. ते मिटेना. मग त्यांनी ताटावरून हातच उचलला.

"नाना, मला तोंड दाखवायला जागा नाही. नाली कुठून जायला हवी ते मला पक्कं माहीत आहे. पण कुणाच्या ओट्यावर रेघ मारू? प्रत्येकाचं पुरण पोटात आहे. जावई होऊन सासुरवाडीचे ओटे पाडू?"

मला त्यांची दया आली. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "तुम्ही लग्नात रुसला होता का हो?" हा प्रश्न मला का सुचला ते आजही सांगता येणार नाही. बहुधा पुढे काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून.

"नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "सगळे म्हणाले रुस, सायकल मिळेल. मला लाज वाटली. तसाच जेवून उठलो."

"म्हणजे तुमचं रुसणं अजून शिल्लक आहे," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पायांकडे नव्हे, तोंडाकडे. मला वाटतं, प्रथमच.

"पण रुसतात कसं?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी रुसलो तर घरात कळतच नाही."

"कळतं," स्वयंपाकघरातून आवाज आला. मग सिंधूताई बाहेर आली आणि तिनं आम्हा दोघांना समोर बसवून धडे दिले. मान खाली घालायची नाही, वळवायची. ताटाकडे पाहायचं नाही, पण ताट दूरही सारायचं नाही. "काय हवं" असं विचारलं की लगेच सांगायचं नाही. शालिग्रामरावांना मान वळवणं साधेना. ते ती वळवायचे आणि लगेच क्षमा मागायचे. मला बरं जमत होतं, पण माझ्या रुसण्याचा उपयोग काय?

अधिक संपत आला. जावयाच्या निरोपाचं जेवण हिंमतरावांनी दिलं, सबंध पेठेला, त्याच ओट्यावर. पंगत बसली. मधोमध पाटाभोवती रांगोळी, पाटावर शालिग्रामराव, शेजारी मी. हिंमतराव स्वतः तुपाची वाटी घेऊन आले. "हं, जवाईबापू, करा सुरुवात!"

शालिग्रामरावांनी मान वळवली. सुंदर वळवली. क्षमा मागितली नाही.

अंबूबाईंचे डोळे चमकले. "रुसला! रुसला बापा जवाई! हिंमत, इचार काय पाह्यजे ते."

हिंमतरावांना आनंदच झाला. जावई रुसावा आणि आपण पुरवावं, हा तर मान. "बोला! घड्याळ? सायकल? नवीकोरी सायकल देतो. गोऱ्हा पाह्यजे? गोठ्यातून निवडा!"

शालिग्रामरावांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलले, घाम सुटला, आणि त्यांनी बुडणाऱ्या माणसासारखं माझ्याकडे पाहिलं. पेठेनंही माझ्याकडे पाहिलं. मी पाठीमागे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"त्यांना ओटा हवा आहे," मी म्हणालो.

"कोनता ओटा?"

"ज्यावर आपण बसलो आहोत तो."

सगळ्यांनी आपापल्या पानाखाली पाहिलं. हिंमतरावांच्या हातातली तुपाची वाटी कलली आणि तूप माझ्या धोतरावर सांडत राहिलं. ते मी आनंदानं सांडू दिलं, कारण हलायची माझी छाती नव्हती. "माह्या बापानं बांधेल ओटा हाय हा," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू येतो हे मला माहीत नव्हतं. क्षणभर वाटलं, आपण फार वाईट केलं. दगडच ठेवायला हवा होता.

"अधिकात जवाई तुह्या पानावरून उपाशी उठला, तं पेठेत तोंड दाखवशीन काय?" अंबूबाई म्हणाल्या. "अन् तुह्या बापानं ओटा काऊन बांधला? चार लोकं जेवाले बसावं म्हनून ना? बसले, जेवले. झालं त्याचं काम!"

हिंमतरावांनी ओट्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. मग वाटीत उरलेलं तूप त्यांनी भातावर ओतलं.

"जेवा, जवाईबापू. देल्ला. पन सकाळी पाडा. आता लोकं बसेल हायेत."

पुढचं आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. अंबूबाई म्हणाल्या, "हिंमतनं ओटा देल्ला तं मी काय मांगं राहू? तुळस परसात नेते, अर्धं अंगन घ्या!" युसूफभाई उठून उभे राहिले. "दामाद तो हमारा भी है! आमचा ओटा नाई घेतला तं आमी रुसू. धंदा परसात करू!" समोरच्या बाजूचे लोक हट्टाला पेटले. मी माझाही ओटा दिला. मात्र तो कुणी मोजला नाही, कारण तोवर शालिग्रामराव तिसऱ्यांदा भात मागत होते.

दुसऱ्या दिवशी रेघ नव्यानं मारली गेली, आणि ती धनुष्याच्या दोरीसारखी सरळ होती. लोकांनी आपापले ओटे आपणच पाडले आणि त्यांच्याच दगडांनी नाली बांधायला घेतली. वरच्या कार्यालयाकडून विचारणा आली, "रस्ता मंजुरीपेक्षा रुंद का?" गुलाबरावांनी उत्तर दिलं, "अधिक मास असल्याने." यावर पुन्हा विचारणा आली नाही.

नाली पुरी झाली तेव्हा आभाळ कोरडं होतं, पण धीर कुणालाच नव्हता. ठरलं, की पाणी आपणच सोडून पाहायचं. बायका घागरी, हंडे, बादल्या घेऊन वरच्या टोकाला जमल्या. मी माझ्या दारात उभा. आत सिंधूताईनं सगळी पुस्तकं खाटेवर रचून ठेवली होती आणि स्वतः केरसुणी घेऊन उंबऱ्यात बसली होती. वाण्याच्याही कानावर तिनं नुसतं घालून ठेवलं होतं, असं मला मागून कळलं.

वर आरोळी झाली. पाणी आलं. पाण्याबरोबर सगळी पेठ चालत आली, वरातीसारखी. पुढे पाणी, मागे शालिग्रामराव, त्यांच्यामागे अंबूबाई रिकामी घागर बडवत. पाण्यानं कापसाचे पुंजके आणले, कांद्याची सालं आणली, कडब्याची काडी आणली. माझ्या दाराशी येऊन ते किंचित थबकलं. एवढ्या वर्षांची ओळख. आणि ते पुढे गेलं.

खरंच गेलं का ते पाहायला मी वाकलो, तोल गेला, आणि पाय नालीत पडून माझी डावी चप्पल निघून पाण्याबरोबर चालू लागली.

मी आयुष्यात चारचौघांत कधी धावलो नव्हतो. धावलो. "नाना, पकडा, पकडा!" लोक ओरडले. मी हात घालणार, एवढ्यात जिथे ओटा होता तिथे टाकलेल्या बाजेवरून हिंमतराव गर्जले, "पकडू नका! जाऊ द्या! पाहू द्या कुठवर जाते!" मग चपलेमागे मी, माझ्यामागे पेठ. कुणी तिला शिट्या मारतंय, कुणी "चल चल" म्हणतंय. खुर्शीदाभाभी खिडकीतून टाळ्या वाजवताहेत. चप्पल कुठे अडली नाही, कुठे वळली नाही, कुठे घुटमळली नाही. हिंमतरावांच्या दारावरून ती तीरासारखी गेली आणि टप्पकन नाल्यात पडली.

शालिग्रामरावांनी हॅट आभाळात फेकली. "उतार बरोबर आहे!" ते ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते ओरडू शकतात हे बहुधा त्यांनाही नवीन होतं.

धापा टाकत, एका पायानं अनवाणी, मी घरी परतलो. सिंधूताई खाटेवरची पुस्तकं उचलून खालच्या फळीवर लावत होती. माझ्या पायांकडे तिनं एकदा पाहिलं.

"नुसते उभे काय राहता?" ती म्हणाली. "ती दुसरीही काढा आणि या, हात लावा."

मी काढली.